डोंगर पोखरलाच कुठे अजून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंगळावरच्या जीवसृष्टीच्या शोधावर आपल्या पेपरात आलेली बातमी वाचली, आणि नंतर तिच्यावर एका वाचकाचं पत्र आलं तेही वाचलं. पत्रात त्यांनी म्हटलंय की पन्नास वर्षं झाली, एवढी यानं गेली, अब्जावधी डॉलर गेले आणि डोंगर पोखरून साधा उंदीरसुद्धा निघाला नाही, तेव्हा आता बास करा हे. त्यांची चीड कळते हो, दर थोड्या दिवसांनी "मंगळावर जीवनाच्या खुणा" अशी हेडलाइन येते आणि आठवड्याभरात विषय गुल होतो, कोणीही वैतागेल. पण माझं म्हणणं एवढंच आहे की डोंगर पोखरलाच कुठे अजून? वरची माती वीतभर उकरली आणि दगडांना बोटाएवढी भोकं पाडली, मंगळाच्या पोटात आपण गेलोय ते एवढंच. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरचं ड्रिल साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास जातं आणि त्यांचाच दुसरा रोव्हर पर्सिव्हरन्स दगडातून जी कांडी कापून काढतो ती साधारण सहा सेंटिमीटर लांब असते. एवढ्यावरून आख्ख्या ग्रहाचा निकाल लावायचा म्हणजे कमालच झाली.

सुरुवात व्हायकिंगपासून करतो, कारण "शोधलं आणि नाही सापडलं" हे जे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय ते तिथूनच. १९७६ साली नासाची व्हायकिंग नावाची दोन यानं मंगळावर उतरली, पहिलं २० जुलैला आणि दुसरं ३ सप्टेंबरला, आणि जीवन शोधायचे प्रयोग घेऊनच ती गेली होती, म्हणजे नुसते फोटो काढायला नाही. गिल्बर्ट लेव्हिन यांचा एक प्रयोग होता, मातीवर पोषक द्रावणाचे थेंब टाकायचे, त्या द्रावणात किरणोत्सारी कार्बन, आणि मातीत कोणी खाणारं असेल तर ते खाऊन गॅस सोडेल आणि तो गॅस मोजायचा. गॅस निघाला! माती आधी १६० डिग्रीला तापवून तोच प्रयोग केला तर गॅस निघाला नाही, म्हणजे जे काही होतं ते तापवल्यावर मेलं किंवा बिघडलं. पण त्याच यानावरच्या दुसऱ्या यंत्राने माती भट्टीत तापवून सेंद्रिय रेणू (कार्बनचे, जीवांचं शरीर ज्यांचं बनतं ते) शोधले तर काहीच मिळालं नाही, थोडी क्लोरीनवाली संयुगं दिसली ती पृथ्वीवरून साफसफाईच्या केमिकलमधून आली असतील म्हणून सोडून दिली. मग बहुतेकांनी म्हटलं की शरीरच नाही तर जीव कुठला, गॅस निघाला तो मातीतल्या रसायनांमुळे. लेव्हिन २०२१ मध्ये गेले, शेवटपर्यंत त्यांनी ते मानलं नाही.

यात गंमत अशी की २००८ साली फिनिक्स यान मंगळाच्या उत्तर भागात उतरलं आणि त्याला मातीत पर्क्लोरेट सापडलं, म्हणजे क्लोरीन आणि ऑक्सिजन असलेला एक क्षार. हे पर्क्लोरेट थंडीत गप्प पडून असतं पण तापवलं की ऑक्सिजन सोडतं आणि आजूबाजूचे सेंद्रिय रेणू जाळून टाकतं, आणि जळताना क्लोरीनवाली संयुगं तयार होतात, बरोबर तीच जी व्हायकिंगला दिसली होती. म्हणजे ज्या भट्टीत पुरावा शोधत होते तिथेच तो जळून गेला असण्याची दाट शक्यता. असं झाल्यावर "व्हायकिंगने सिद्ध केलं की काही नाही" असं कोण म्हणणार? मी तरी नाही म्हणणार. लेव्हिन बरोबर होते असंही म्हणत नाहीये मी, फक्त तो निकाल आपण समजतो तेवढा पक्का नाही. आणि सॅम्पल कुठलं घेतलं होतं बघा, वरच्या थरातलं. एकदा तर व्हायकिंग-२ ने एक दगड हाताने सरकवून त्याच्या खालची माती उचलली, की बाबा सूर्याच्या अतिनील किरणांपासून तिथे तरी काही वाचलं असेल. म्हणजे वरचा थर धोक्याचा आहे हे त्यांनाही तेव्हाच कळत होतं, पण तिथवर जेवढा हात पोचला तेवढंच.

आता वर काय प्रॉब्लेम आहे ते नीट सांगतो, कारण बातमीत हा भाग आलाच नव्हता. पृथ्वीला चुंबकीय क्षेत्राचं कवच आहे आणि वर जाड हवा आहे. मंगळाचं ते क्षेत्र साधारण चार अब्ज वर्षांपूर्वी बंद पडलं आणि हवेचा दाब आपल्या एक टक्क्यापेक्षाही कमी. अतिनील किरण तसे बिचारे पातळ मातीनेही अडतात, काही मिलिमीटर पुरतात, पण अंतराळातून येणारे कॉस्मिक किरण दगडमातीतून मीटर-दोन मीटर आत शिरतात आणि वाटेतले मोठे रेणू तोडत जातात. क्युरिऑसिटीवरच्या मीटरने जमिनीवरचं रेडिएशन मोजलं ते दिवसाला सरासरी ०.६७ मिलिसिव्हर्ट, अंतराळवीराला ही काळजी आहेच, पण एखाद्या रेणूला तिथे तीन अब्ज वर्षं पडून राहायचंय हो. नासाच्या लोकांनी २०२२ मध्ये लॅबमध्ये मंगळासारख्या मातीत अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ती) मिसळून त्यावर किरणांचा मारा केला आणि हिशोब मांडला तर वरच्या थरात ती २ कोटी वर्षांतच संपतात. आपण शोधतोय तीन-साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या खुणा! त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला, डायनोकोकस नावाचा बॅक्टेरिया आहे, रेडिएशन सोसण्यात त्याचा हात कोणी धरत नाही, तर तो सुकवून गोठवलेल्या अवस्थेत मंगळावर १० सेंटिमीटर खाली असेल तर दीड मिलियन वर्षं टिकेल आणि १० मीटर खाली असेल तर २८० मिलियन वर्षं, असा अंदाज. मिलियन म्हणजे दहा लाख, आकडा तुम्हीच करा. फरक फक्त खोलीचा आहे.

मग कोणी विचारेल की क्युरिऑसिटीला सेंद्रिय रेणू वरच कसे सापडले. बरोबर प्रश्न आहे. २०१८ मध्ये तीन अब्ज वर्षं जुन्या चिखलदगडात सापडले, आणि २०२५ च्या मार्चमध्ये कंबरलँड नावाच्या सॅम्पलमध्ये दहा, अकरा, बारा कार्बनच्या साखळ्या सापडल्याचं जाहीर झालं, मंगळावर आजवर सापडलेल्यांतले सगळ्यात मोठे सेंद्रिय रेणू. पण त्या जागेचं नशीब असं की तिथला दगड बराच काळ दुसऱ्या थराखाली झाकलेला होता आणि वाऱ्याने वरचा थर झिजवत नेल्यामुळे तो साधारण आठ कोटी वर्षांपूर्वीच उघडा पडला. आठ कोटी म्हणजे तिथल्या हिशोबाने परवाचीच गोष्ट. म्हणजे वाऱ्याने आपल्यासाठी खोदकाम करून ठेवलं होतं आणि आपण वरून फक्त पाच-सहा सेंटिमीटर गेलो, तरी एवढं हाती आलं. मला तर यातून उलटंच दिसतं, खाली जायला पाहिजे हेच.

मग खाली का जात नाही? इथे मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट सांगतो. ज्या वर्षी व्हायकिंग मंगळावर वरवर उकरत होतं त्याच वर्षी, १९७६ च्या ऑगस्टमध्ये, सोव्हिएत लुना-२४ ने चंद्रावर दोन मीटरहून खोल ड्रिल मारलं, १७० ग्रॅम माती काढली आणि पृथ्वीवर आणून दिली, माणूस एकही नाही, सगळं यंत्राने. मान्य आहे की चंद्र जवळ आहे, सिग्नल सव्वा सेकंदात पोचतो आणि ती सुटी माती होती, पक्का दगड नव्हता. तरी पण त्याला अर्धं शतक झालं आणि मंगळावर आपण अजून बोटाएवढ्या भोकावरच.

प्रयत्नच झाले नाहीत असं नाही. १९९९ मध्ये नासाने डीप स्पेस-२ नावाचे दोन छोटे बाण पाठवले होते, अमुंडसेन आणि स्कॉट अशी त्यांची नावं, पॅराशूट नाही काही नाही, थेट जमिनीवर आदळून आत घुसायचं आणि खाली बर्फ आहे का बघायचं. ३ डिसेंबरला पोचले आणि त्यानंतर एक शब्द नाही. त्यांच्यासोबतचं मार्स पोलर लँडरही गेलं. २००३ मध्ये ब्रिटिशांचं बीगल-२, त्याच्यावर जमिनीत शिरणारं छोटं यंत्र होतं, नाताळच्या दिवशी उतरलं आणि गप्प झालं, थेट २०१५ मध्ये वरून काढलेल्या फोटोत दिसलं की बिचारं नीट उतरलं होतं पण सोलर पॅनल पूर्ण उघडली नाहीत. मग २०१८ मध्ये इनसाइट. त्यावर जर्मनीने बनवलेला "मोल" होता, चाळीस सेंटिमीटरचा खिळाच म्हणा, आत स्वतःचा हातोडा, स्वतःला ठोकत ठोकत पाच मीटर खाली जायचं आणि मंगळाच्या पोटातली उष्णता मोजायची. (हा जीवनासाठी नव्हता, पण खाली जायची टेक्निक म्हणून सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे होते.) २०१९ च्या फेब्रुवारीत ठोकायला सुरुवात केली आणि तो जागच्या जागी उड्या मारायला लागला. कारण काय तर हातोड्याचा धक्का सहन करायला बाजूच्या मातीने खिळ्याला घट्ट धरायला लागतं, आणि तिथली माती अशी निघाली की ती चिकटून कडक पापुद्रा होते आणि खिळ्याभोवती मोकळा खड्डाच पडतो. मग यानाच्या हाताने दाबून बघितलं, बाजूने माती लोटली, जवळजवळ दोन वर्षं खटपट केली त्या टीमने, शेवटी २०२१ च्या जानेवारीत सोडून दिलं तेव्हा खिळ्याचं डोकं जमिनीच्या खाली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर गेलं होतं. वाईट वाटलं राव ते वाचून. आपल्या चांद्रयान-३ च्या लँडरवरचा तापमानाचा काटा २०२३ मध्ये चंद्राच्या मातीत दहा सेंटिमीटर व्यवस्थित गेला, तो मोटरने हळूहळू दाबला होता, हातोड्याने नाही, तेव्हा कधी कधी साधी पद्धतच बरी.

आणि पृथ्वीवर जसं ड्रिलिंग करतो तसं तिथे होत नाही हे लोकांना माहीत नसतं. इथे बोअर मारताना पाणी किंवा चिखल सोडतात, त्याने टोक थंड राहतं आणि भुगा वर येतो. मंगळावर दाब एवढा कमी की पाणी एक तर उकळून उडेल नाहीतर गोठेल, म्हणजे सगळं कोरडं करायचं. वजन टाकून दाबायचं म्हटलं तर गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, जास्त दाबलं तर ड्रिल खाली जायच्या ऐवजी रोव्हरच वर उचलला जाईल. जमिनीत बर्फ असला तर ड्रिलच्या गरमीने वितळतो आणि थांबलं की परत गोठून ड्रिल तिथेच जाम. आणि हे सगळं लांबून, एका बाजूचा सिग्नल पोचायला ३ ते २२ मिनिटं, म्हणजे काही अडकलं हे आपल्याला कळेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, म्हणून यंत्राला स्वतःला थांबायचं कधी ते कळायला लागतं. क्युरिऑसिटीचं ड्रिल पुढे ढकलणारा भाग २०१६ च्या डिसेंबरमध्ये बिघडला तेव्हा इथल्या इंजिनिअरांनी दीड वर्ष डोकं लावून हाताच्या जोराने ड्रिल दाबायची नवीन पद्धत काढली आणि २०१८ च्या मे मध्ये परत भोक पाडलं. करोडो किलोमीटरवरून केलेली दुरुस्ती आहे ही, आणि आपल्याकडे त्याची बातमी चार ओळींची.

आता ज्या रोव्हरबद्दल बोलायला मी हे पत्र लिहायला घेतलं त्याच्याकडे येतो. युरोपियन स्पेस एजन्सीचा रोझलिंड फ्रँकलिन. डीएनएच्या रचनेचा एक्स-रे फोटो ज्यांच्या लॅबमधून आला त्या शास्त्रज्ञ बाईंचं नाव दिलंय. वजन साधारण तीनशे किलो आणि ड्रिल दोन मीटर! एक मुख्य टोक आणि त्याला आत गेल्यावर एकेक करत जोडायच्या तीन कांड्या, खाली जाऊन एक सेंटिमीटर जाड आणि तीन सेंटिमीटर लांब असा तुकडा वर आणायचा, रोव्हरच्या पोटात त्याचा भुगा करायचा आणि तपासायचा. ड्रिलच्या टोकातच एक छोटं स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशावरून खनिजं ओळखणारं यंत्र) बसवलंय, म्हणजे भोकाच्या भिंती आतून बघत बघत जायचं. कुठे खणायचं ते ठरवायला जमिनीखाली बघणारं रडार आहे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मोमा नावाचं यंत्र, त्यात भट्टी तर आहेच पण लेसरही आहे, लेसरचा झटका एवढा क्षणिक की पर्क्लोरेटला पेट घ्यायला वेळच मिळत नाही, म्हणजे व्हायकिंगच्या वेळची भानगड इथे टळते. शिवाय काही रेणू डाव्या-उजव्या हातासारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा असे दोन प्रकारचे असतात, त्यातला डाव्या हाताचा की उजव्या हाताचा हेही त्याला कळतं. आपल्या शरीरातली प्रथिनं सगळी डाव्या बाजूच्या अमिनो आम्लांची बनलेली, नुसत्या रसायनातून बनलं तर दोन्ही साधारण सारखी बनतात, त्यामुळे एकाच बाजूचा ढीग सापडला तर शास्त्रज्ञांना झोप लागणार नाही.

हे सगळं तयार आहे बरं का, कागदावर नाही. २०२१ मध्ये इटलीत तुरिनला त्याच्या जुळ्या मॉडेलने १.७ मीटर खोलीवरून सॅम्पल काढून दाखवलं. पण उड्डाणाची तारीख आधी २०१८ होती, मग २०२०, मग २०२२, पॅराशूटच्या टेस्ट फसल्या, करोना आला, आणि शेवटी सगळं जमलं, सप्टेंबर २०२२ ला उडायचं नक्की झालं, तर फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. रॉकेट रशियन, उतरवणारा प्लॅटफॉर्म रशियन, रात्री रोव्हर गोठू नये म्हणून आतले किरणोत्सारी हीटर रशियन. मार्चमध्ये युरोपने भागीदारी थांबवली आणि रोव्हर गोडाऊनमध्ये गेला. आता प्लॅटफॉर्म युरोप स्वतः करतंय, रॉकेट, हीटर आणि ब्रेक मारायची इंजिनं अमेरिकेकडून यायची आहेत, उड्डाण २०२८ आणि उतरणार २०३० मध्ये. म्हणजे मूळ तारखेपासून दहा वर्षं. जीवन शोधायला गेलेली यंत्रं अपयशी ठरली असं त्या वाचकाने लिहिलंय, अहो, जे यंत्र खोल जाऊन ते शोधण्यासाठी बनलं ते अजून जमिनीवरून उठलेलंच नाहीये. चीनचं तियानवेन-३ सुद्धा २०२८ च्या सुमारास निघायचं आहे आणि त्यातही दोन मीटर ड्रिल आहे, वर माती परत आणायची. अमेरिकेत २०२२ च्या दहा वर्षांच्या आराखड्यात तज्ज्ञांनी मार्स लाइफ एक्स्प्लोरर सुचवलंय, बर्फात दोन मीटर खाली जाऊन आजही काही जिवंत आहे का बघायचं. ते मात्र सध्या तरी कागदावरच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला पाहिजे, नाहीतर लोक उद्या म्हणतील दोन मीटरवर पण काही नाही, संपलं. दोन मीटर हे मेलेल्यांच्या खुणा शोधायला आहे. रोझलिंड जिथे उतरणार ते ऑक्सिया प्लॅनम, साधारण चार अब्ज वर्षं जुनी चिकणमाती, तेव्हा तिथे पाणी होतं, तेव्हाचं काही त्या मातीत अडकून रेडिएशनपासून वाचलंय का, एवढाच प्रश्न. आज जिवंत असलेलं काही शोधायचं तर पाणी पातळ असलेल्या खोलीपर्यंत जायला लागेल आणि ते किलोमीटरच्या हिशोबात आहे. इनसाइटच्या भूकंपमापकाच्या डेटावरून २०२४ मध्ये एका टीमने मांडलं की साडेअकरा ते वीस किलोमीटर खाली दगडांच्या भेगांमध्ये पाणी भरलेलं असावं. पृथ्वीवर माणसाने सगळ्यात खोल मारलेलं रशियातलं कोला बोअर १२,२६२ मीटर, तेही वीसेक वर्षं खपून. म्हणजे तिथवर आपण लवकर जात नाही, हे सरळ मान्य करू. २०१८ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखाली दीड किलोमीटरवर तळं असल्याची रडारची बातमी गाजली होती, त्यावरही नंतर बरेच वाद झाले, काही म्हणतात ती चिकणमातीच आहे.

पण खोलवर जीवन असू शकतं का, ह्याचं उत्तर पृथ्वीनेच दिलंय. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खाली भेगेतलं पाणी तपासलं तर त्यात जवळजवळ एकाच जातीचा बॅक्टेरिया, डिसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर, ९९.९ टक्क्यांहून जास्त तोच. सूर्य नाही, ऑक्सिजन नाही, साठ डिग्री गरम पाणी, आणि जगतो कशावर तर दगडातल्या युरेनियमच्या किरणांनी पाणी फुटून जो हायड्रोजन निघतो त्यावर! वर जे रेडिएशन जीवनाचा काळ आहे तेच खाली त्याचं जेवण. कॅनडात टिमिन्सच्या खाणीत अडीच किलोमीटरच्या आसपास अब्जाहून जास्त वर्षं कोंडलेलं पाणी मिळालं, त्यातही हायड्रोजन होता. आफ्रिकेतल्याच दुसऱ्या खाणीत एक किलोमीटरहून खाली चक्क कृमी सापडला, बॅक्टेरिया खाऊन जगणारा. मंगळावर पाणी आहे, दगड आहे, दगडात युरेनियम-थोरियम आहे. त्यावरून तिथे जीव आहेच असं होत नाही, पण शक्यता कुठल्या मजल्यावर आहे ते कळतं. खाली न जाता खालची चाहूल घ्यायचा एक मार्ग मिथेन, पृथ्वीवर हा वायू बराचसा जीवांमुळे बनतो, पण ते प्रकरणही विचित्र आहे, क्युरिऑसिटीला गेल विवरात मिथेन दिसतो, ऋतूप्रमाणे कमीजास्त होतो, २०१९ च्या जूनमध्ये एकदम २१ पीपीबीवर (हवेच्या अब्ज भागांत २१ भाग) गेला, आणि वरून फिरणारं ट्रेस गॅस ऑर्बिटर कितीतरी जास्त नाजूक मोजमाप करतं तरी त्याला काहीच दिसत नाही. दोन्ही यंत्रं चांगली, दोघांचं पटत नाही. मला यात आत्ताच बाजू घ्यायची घाई दिसत नाही.

त्या पत्रात शेवटी असंही होतं की रोबोटच्या नादी लागण्यापेक्षा माणूस पाठवा, एका दिवसात खणून मोकळा होईल. खणण्यापुरतं बरोबर आहे, अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जवळजवळ तीन मीटरची कांडी काढली होती. (अपोलो-१५ ला मात्र ती ओढून काढताना घाम फुटला होता.) पण माणूस म्हणजे अब्जावधी जंतूंचं गाठोडं, सूटमधून, हवेच्या गळतीतून ते बाहेर पडणारच, आणि मग दोन मीटरवर बॅक्टेरिया सापडला तर तो मंगळाचा की आपल्यातल्याच कोणाच्या आतड्यातला हे कोण सांगणार? १९६७ च्या अंतराळ कराराच्या नवव्या कलमात दुसरे ग्रह घाण करू नका हे आहेच. व्हायकिंगची यानं त्यासाठी पूर्ण भट्टीत घालून ११० डिग्रीच्या वर तास न् तास भाजली होती, आणि रोझलिंडमध्ये सॅम्पल जिथून जातं तो सगळा भाग अतिस्वच्छ कप्प्यात सील केलाय आणि सोबत कोरी सॅम्पलं आहेत, आधी ती तपासायची, त्यात काही दिसलं तर ते आपलंच. पृथ्वीवरसुद्धा हे किती अवघड आहे बघा, अंटार्क्टिकात व्होस्टॉक सरोवरापर्यंत रशियन लोक २०१२ मध्ये पोचले, पावणेचार किलोमीटर बर्फ भेदून, पण भोक उघडं ठेवायला केरोसीन वापरलं होतं, आणि मग जे जंतू मिळाले ते सरोवरातले की केरोसीनमधले यावर वर्षानुवर्षं वाद. म्हणून माणूस जायच्या आधी रोबोटने खाली जाऊन यायला पाहिजे, क्रम उलटा झाला तर ते परत दुरुस्त करता येणार नाही.

राहिली ती पर्सिव्हरन्स फिरतोय त्या जेझेरो विवराची बातमी, जिच्यावरून हे सगळं सुरू झालं. पर्सिव्हरन्सने २०२४ च्या जुलैमध्ये चेयावा फॉल्स नावाच्या दगडातून सॅम्पल घेतलं, त्यावर बिबट्यासारखे ठिपके, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पेपर आला की त्या ठिपक्यांत व्हिव्हियानाइट आणि ग्रेगाइट ही खनिजं असावीत, पृथ्वीवर चिखलात सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खाताना अशी जोडी बनते. पण जीवाशिवायही बनू शकते, शास्त्रज्ञांनी स्वतःच "संभाव्य" हा शब्द लावलाय, आपल्या हेडलाइनमध्ये तो गळाला. खरं उत्तर ते सॅम्पल इथल्या लॅबमध्ये आल्यावर मिळेल, आणि आणायचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत आणि वर्ष २०४० असा अंदाज आल्यावर नासाने स्वतःच २०२४ मध्ये म्हटलं की हे परवडणार नाही. नळी भरलेली आहे आणि रोव्हर ती पोटात घेऊन फिरतोय. खर्चाबद्दल तक्रार करायची तर मी इथे करेन, एवढं करून शेवटच्या टप्प्यावर हात आखडायचा म्हणजे आधीचेही पैसे पाण्यात.

तेव्हा संपादक साहेब, एक साधी विनंती. मंगळावरची पुढची बातमी छापताना त्यात सॅम्पल किती खोलीवरचं आहे एवढा एक आकडा टाकत जा. पाच सेंटिमीटर असेल तर तसं लिहा, दोन मीटर असेल तर तसं लिहा, आणि "संभाव्य" असेल तर ते हेडलाइनमध्ये ठेवा, जागा कमी पडली तर उद्गारचिन्हं काढा.

आपला,
एक नियमित वाचक

ता.क. बातमीसोबत "मंगळावर ड्रिलिंग करणारा रोव्हर" म्हणून जो फोटो छापलाय तो इनसाइटचा आहे. त्याला चाकं नाहीत आणि ड्रिलही नाही, तो उतरला तिथेच २०२२ च्या डिसेंबरपर्यंत उभा होता आणि धुळीने पॅनल झाकल्यावर बंद पडला. फोटोखालची ओळ बदलता आली तर बघा.